ईआर प्रोबने गंजावर लक्ष ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिफायनऱ्या, रासायनिक कारखाने, वायूप्रक्रिया केंद्रे आणि जमिनीखालच्या पाइपलाइन सांभाळणारे लोक गंज मोजणाऱ्या विद्युतरोध (इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स) पद्धतीच्या, म्हणजे ईआर प्रोबबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. या क्षेत्रात मिल आणि मायक्रॉन ही दोन्ही एकके चालतात. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजेच २५.४ मायक्रॉन. वर्षाला १ मिल झीज म्हणजे ०.०२५४ मिमी.

१. ईआर प्रोब नेमके काय मोजतो?

धातूच्या एका लहान तुकड्याचा विद्युतरोध. हा तुकडा म्हणजे एलिमेंट, आणि तो पाइपमधल्या द्रवात किंवा वायूत उघडा असतो. तारेचा रोध तिच्या लांबीच्या समप्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. गंजामुळे एलिमेंट बारीक झाला की छेद घटतो आणि रोध वाढतो. त्या वाढीवरून किती धातू गेला ते कळते.

हा रोध अगदी थोडा, काही मिलिओहम एवढाच असतो. तापमान बदलले तरी तो बदलतो, म्हणून प्रोबच्या आत त्याच धातूचा दुसरा, झाकलेला तुकडा असतो. त्याला संदर्भ एलिमेंट म्हणतात. तो गंजत नाही, पण गरम-थंड होतो. मीटर या दोघांचे गुणोत्तर घेतो, त्यामुळे तापमानाचा परिणाम बहुतांशी वजा होतो. बहुतांशीच होतो, पूर्ण नाही. त्याचे परिणाम प्रश्न १२ मध्ये दिले आहेत.

२. म्हणजे प्रोबवरून पाइपची उरलेली जाडी कळते का?

नाही. प्रोब फक्त स्वतःच्या एलिमेंटची झीज सांगतो. पाइपची जाडी अल्ट्रासोनिक मोजणीनेच ठरवायची. प्रोबने दाखवलेली झीज पाइपच्या जाडीतून वजा करून आयुर्मान काढलेले अहवाल पाहायला मिळतात. ही पद्धत धोक्याची आहे, कारण प्रोबच्या जागी गंज मंद असू शकतो आणि दहा मीटर पुढच्या एल्बोमध्ये वेगवान.

प्रोब उपयोगी पडतो तो बदल लवकर कळण्यासाठी. इन्हिबिटरचा (गंज रोखणाऱ्या रसायनाचा) पंप बंद पडला, डिसॉल्टर (क्रूडमधले मीठ काढणारे यंत्र) बिघडला, क्रूड म्हणजे कच्चे तेल बदलले, तर त्याची खूण प्रोबवर काही दिवसांत उमटते. जाडीच्या मोजणीत तीच खूण दिसायला कित्येक महिने लागतात.

३. आमच्याकडे कूपन आहेत. मग ईआर कशाला?

कूपन म्हणजे आधी वजन करून पाइपमध्ये ठेवलेली धातूची पट्टी. ती काढून, साफ करून, वजन करून मिळते ती सरासरी. ९० दिवस ठेवलेल्या कूपनवर झालेली झीज रोज थोडी थोडी झाली की एकाच वाईट आठवड्यात, हे कूपन सांगत नाही. ईआर ते सांगतो. उलट खड्ड्यांचा आकार, खोली आणि साचलेल्या थराचे स्वरूप कूपनवर डोळ्यांनी दिसते, ईआरवर दिसत नाही. म्हणून कूपन काढून टाकू नका. दोन्ही जवळजवळ ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी आकडे ताडून पाहा. दोन्ही पद्धतींत दुपटीचा फरक आला, तर आधी प्रश्न १५ आणि १६ वाचा.

४. एलपीआर तर तत्काळ आकडा देतो. तो का नको?

एलपीआर म्हणजे लिनियर पोलरायझेशन रेझिस्टन्स, पाण्यातून थोडी वीज सोडून गंजाचा वेग मोजण्याची पद्धत. पाणी असेल तर जरूर घ्या. कूलिंग वॉटरसाठी एलपीआर ईआरपेक्षा चांगला, कारण तिथे गंजाचा वेग त्याच क्षणी कळतो. पण एलपीआरला सलग आणि वीजवाहक पाणी लागते. क्रूड कॉलमच्या ओव्हरहेडमधली (ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावरून निघणाऱ्या लाइनमधली) वाफ, थोडेसे पाणी असलेले तेल, ओला वायू, गरम हायड्रोकार्बन, माती या ठिकाणी एलपीआर निरुपयोगी ठरतो. तिथे ईआर चालतो, कारण त्याला माध्यमातून वीज वाहण्याची गरज नसते.

५. एलिमेंटचे इतके प्रकार आहेत. कुठे कोणता घ्यावा?

तारेचा फास सर्वांत प्रचलित. तो काचेने सील केलेला असतो आणि बहुतेक सामान्य ठिकाणी चालतो. प्रवाहात कचरा येत असेल तर त्यावर संरक्षक टोपी घ्या, नाहीतर फास वाकतो किंवा तुटतो. नळीचा फास जास्त संवेदनशील असतो, म्हणून इन्हिबिटरची मात्रा ठरवताना तो बरा. पट्टीचा फास त्याहूनही संवेदनशील, पण नाजूक. तो संथ प्रवाहातच टिकतो.

दंडगोलाकार एलिमेंट पूर्ण वेल्डिंगचा असतो, त्यात काच किंवा एपॉक्सी नसते. जोरदार प्रवाह, जास्त तापमान आणि वेगळ्या मिश्रधातूंसाठी तो निवडा. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि गरम कॉस्टिक काचेला खातात. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरणाऱ्या अल्किलेशन युनिटमध्ये काचेचे सील चालणार नाही, हे मागणीपत्रातच स्पष्ट लिहा.

फ्लश एलिमेंट पाइपच्या भिंतीशी समतल बसतो. जिथे पिग (पाइप आतून साफ करणारे साधन) जातो तिथे दुसरा पर्यायच नाही, आणि पाइपच्या तळाला वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थराचा गंजही तोच नीट पकडतो.

६. जाड एलिमेंट घ्यावा की पातळ?

पातळ घेतला तर उत्तर लवकर मिळते पण प्रोब लवकर संपतो. जाड घेतला तर उलट. निर्णय अपेक्षित वेगावर करायचा. खालच्या तक्त्यात वर्षाला ५ मिल वेग धरला आहे. 'पल्ला' म्हणजे एलिमेंट निकामी होईपर्यंत मोजता येणारी झीज, आणि 'पहिला भरवशाचा कल' म्हणजे १००० भागांच्या मीटरवर १० भाग सरकायला लागणारा काळ.

| एलिमेंट | पल्ला | आयुष्य | पहिला भरवशाचा कल |
|---|---|---|---|
| नळी, ४ मिल | २ मिल | सुमारे ५ महिने | दीड दिवस |
| नळी किंवा फ्लश, ८ मिल | ४ मिल | साडेनऊ महिने | ३ दिवस |
| तार, ४० मिल | १० मिल | २ वर्षे | ७ दिवस |
| दंडगोल, २० मिल | १० मिल | २ वर्षे | ७ दिवस |
| दंडगोल, ५० मिल | २५ मिल | ५ वर्षे | १८ दिवस |

तारेचा पल्ला तिच्या व्यासाच्या फक्त चौथा भाग आहे, कारण ती सगळीकडून झिजते. १० मिल झीज झाली की ४० मिलची तार २० मिलची होते आणि तिचा रोध चौपट होतो.

आमचा कल सहसा सहा ते बारा महिने टिकेल अशा एलिमेंटकडे असतो. पाच वर्षे चालणारा प्रोब खरेदी विभागाला आवडतो, पण तो इतका सुस्त असतो की इन्हिबिटर बंद पडल्याचे त्याच्यावर दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. शटडाऊनशिवाय प्रोब बदलता येणार नसेल तरच जाड एलिमेंट स्वीकारा. जास्त सूक्ष्म मीटर असतील, ज्यांत पल्ल्याचे सुमारे २,६२,००० भाग होतात, तर जाड एलिमेंटवरही कल लवकर दिसतो. मात्र तेव्हा तापमानाचा गोंधळही तितक्याच सूक्ष्मपणे दिसतो.

७. रीडिंगवरून गंजाचा वेग कसा काढायचा?

दोन रीडिंगांमधला फरक घ्या, त्याला १००० ने भागा, पल्ल्याने गुणा. ही झाली झीज. तिला दिवसांच्या संख्येने भागून ३६५ ने गुणले की वर्षाचा वेग मिळतो.

उदाहरणार्थ, ८ मिलची नळी, पल्ला ४ मिल. पहिले रीडिंग २१४, बारा दिवसांनी २३२. फरक १८. झीज ०.०७२ मिल, म्हणजे १.८३ मायक्रॉन. वर्षाचा वेग २.१९ मिल, म्हणजे सुमारे ०.०५६ मिमी.

फरक १० भागांपेक्षा कमी असेल तर वेग काढू नका. ३ भागांच्या फरकावरून काढलेला वेग म्हणजे निव्वळ मीटरची थरथर. आणि शक्य असेल तिथे दोनच बिंदू न घेता आठवड्याभराच्या सगळ्या रीडिंगांतून सरळ रेषा काढा. निर्णय त्या रेषेच्या उतारावर घ्यायचा, एकट्या रीडिंगवर नाही.

८. किती वेग म्हणजे जास्त?

कार्बन स्टीलच्या कूपनसाठी नेस एसपी ०७७५ या मानकातली वर्गवारी सर्रास वापरली जाते: वर्षाला ०.०२५ मिमीपेक्षा कमी म्हणजे मंद, ०.१२ पर्यंत मध्यम, ०.१३ ते ०.२५ जास्त, आणि त्यापुढे अति. ही तेल-वायू उत्पादनातल्या कूपनांसाठी बनलेली आहे, पण सुरुवातीची मोजपट्टी म्हणून प्रोबलाही चालते. खरी मर्यादा तुमच्या पाइपच्या गंज-भत्त्यावरून, म्हणजे गंजासाठी राखलेल्या जादा जाडीवरून येते. ३ मिमी भत्ता आणि २० वर्षांचे आयुष्य धरले असेल, तर वर्षाला ०.१५ मिमी ही छताची रेघ. अलार्म तिच्या बराच खाली ठेवा.

९. प्रोब कुठे बसवायचा?

वर्षभर मिळणारे आकडे कामाचे की टाकाऊ, हे याच उत्तरावर ठरते. मीटर कितीही भारी घेतला तरी चुकीच्या जागेची भरपाई होत नाही, आणि तरीही जागा बहुतेकदा 'इथे आधीच नोझल आहे' म्हणून ठरते.

आधी विचारा की गंज लावणारे पाणी कुठे आहे. तेल आणि पाणी एकत्र वाहत असेल तर पाणी तळाला जाते. तिथे पाइपच्या वरून आत सोडलेला आखूड प्रोब वर्षभर तेलात भिजत राहतो आणि 'सर्व ठीक' असे सांगतो. एलिमेंट तळापर्यंत पोहोचला पाहिजे किंवा तळाला फ्लश बसवला पाहिजे. ओल्या वायूच्या पाइपमध्ये कधी याच्या उलट घडते. थंड पडलेल्या वरच्या भिंतीवर पाणी जमते आणि गंज वर लागतो.

क्रूड कॉलमच्या ओव्हरहेडमध्ये पहिला थेंब जिथे पडतो ती जागा सर्वांत वाईट, कारण वाफेतले हायड्रोजन क्लोराइड त्या पहिल्या थेंबांत विरघळून तीव्र आम्ल बनते. अमोनिया किंवा अमाइन अजून तिथे पुरेसे उतरलेले नसते. ड्यूपॉइंटच्या (वाफेचे पाणी होऊ लागते त्या जागेच्या) आधी प्रोब बसवला तर तो कोरडा राहतो. फार पुढे, ॲक्युम्युलेटरजवळ (थंड झालेला द्रव जमा होणाऱ्या टाकीजवळ) बसवला, तर तिथे आम्ल पातळ झालेले असते. शिवाय प्रवाहाच्या मध्यभागी असलेला एलिमेंट वाफेइतकाच गरम असतो, तर पाइपची भिंत बाहेरून थंड झालेली असते. भिंतीवर पाणी जमत असताना प्रोब कोरडाच राहू शकतो.

वॉश वॉटर किंवा इन्हिबिटर सोडण्याच्या ठिकाणानंतर मिश्रण नीट होईल इतके अंतर द्या. डेड लेगमध्ये (प्रवाह नसलेल्या फाट्यात) प्रोब बसवायचा तो डेड लेगचीच काळजी असेल तेव्हा. आणि एकाच प्रोबवर संपूर्ण युनिटचा निकाल लावू नका.

१०. पाइपच्या तळाला प्रोब बसवताना काय अडचण येते?

फिटिंगच्या आट्यांमध्ये गाळ आणि गंजाचे कण साचतात, आणि प्रोब काढताना ते आटे खातात. जमिनीपासून पुरेशी उंची नसेल तर दाबाखाली प्रोब काढण्याचे यंत्र बसतच नाही. ते प्रोबच्या लांबीपेक्षा मोठे असते. नळजोडणीच्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी तेवढी मोकळी जागा कागदावर दाखवून घ्या. नंतर पाइपरॅकचा गर्डर आडवा आलेला कळतो आणि तो प्रोब पुढच्या शटडाऊनपर्यंत कुणाला काढता येत नाही.

११. चालू लाइनमधून मागे ओढता येणारा प्रोब काढताना काय काळजी घ्यावी?

इथे माणसांना इजा झाल्या आहेत, त्यामुळे उत्पादकाची कार्यपद्धती हातात असल्याशिवाय काम सुरू करू नका. धोका कुठून येतो ते आधी समजून घ्या. अर्धा इंच जाडीच्या दांड्यावर १० बार दाब असेल तर तो सुमारे १३ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. हाताने तो धरता येतो. १०० बारला हाच जोर सुमारे १३० किलो होतो. ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी जोडणी) सैल केली आणि साखळी लावलेली नसली, तर दांडा बाणासारखा सुटतो.

क्रम असा: परमिट घ्या, हायड्रोजन सल्फाइडची शक्यता असेल तर डिटेक्टर आणि श्वसनसाधन तयार ठेवा. कुणीही दांड्याच्या रेषेत उभे राहू नये. सुरक्षा साखळी किंवा मागे ओढण्याचे यंत्र आधी बसवा. मग ग्लँड थोडीच सैल करा, दांडा सरकेल इतकी. थांबेपर्यंत मागे ओढा. दांड्यावर आधीच केलेल्या खुणेवरून टोक बॉल व्हॉल्व्हच्या मागे आले आहे याची खात्री करा. त्यानंतर व्हॉल्व्ह बंद करा. हँडल मध्येच अडले तर जोर लावू नका, टोक अजून व्हॉल्व्हमध्ये आहे. बंद झाल्यावर ब्लीड उघडून दाब शून्य झालेला पाहा, मगच आटे सोडा.

बसवतानाची खूणही महत्त्वाची आहे. प्रोब पहिल्यांदा आत घालतानाच दांड्यावर दोन रेघा कोरून ठेवा, एक 'पूर्ण आत' आणि एक 'व्हॉल्व्हच्या बाहेर'. ही रेघ नसलेला प्रोब दोन वर्षांनी दुसऱ्या पाळीतल्या माणसाने काढायचा असतो, हे लक्षात ठेवा.

१२. रोज दुपारी रीडिंग वर जाते आणि रात्री खाली येते. गंज दिवसा जास्त लागतो का?

बहुधा नाही, तापमानाचा खेळ आहे. उघडा एलिमेंट द्रवाबरोबर लगेच तापतो, आतला संदर्भ एलिमेंट मागे राहतो. स्टीलचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. दोघांत फक्त १ अंशाचा फरक असला तरी नळीच्या एलिमेंटवर सुमारे ८ भागांची खोटी झीज दिसते. तापमान स्थिरावले की ती नाहीशी होते. द्रव अचानक थंड झाला तर उलट, धातू वाढल्यासारखा दिसतो.

उपाय म्हणजे रोज एकाच वेळच्या रीडिंगांची तुलना करणे, किंवा निदान २४ तासांची सरासरी. प्रोबजवळ तापमानाची नोंद असेल तर दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा, अर्ध्या शंका तिथेच मिटतात. मात्र खालचा तळ दर आठवड्याला थोडा थोडा वर सरकत असेल, तर ती खरी झीज आहे.

१३. नवीन प्रोब बसवल्यावर पहिल्या आठवड्यात वेग फार दिसला. घाबरायचे का?

सहसा नाही. ताजा, उघडा धातू सुरुवातीला वेगाने गंजतो आणि थर बसला की मंदावतो. पहिले एक-दोन आठवडे आलेखावर ठेवा पण सरासरीत धरू नका. दोन आठवड्यांनंतरही वेग उतरला नाही तर मात्र इन्हिबिटरची मात्रा आणि पाण्याचा पीएच तपासा. बसवण्यापूर्वी एलिमेंटला हाताचे तेल लागले असेल तर त्याउलट सुरुवात संथ दिसते, म्हणून ॲसिटोनने पुसून मगच आत घाला. एमरी पेपर लावू नका. ४ मिलच्या नळीवर एमरीने निघणारा धातूही मोजण्याजोगा असतो.

१४. रीडिंग उलट्या दिशेने, म्हणजे धातू वाढल्यासारखे जाते. मीटर बिघडला का?

तापमान नसेल तर (प्रश्न १२), पहिला संशय आयर्न सल्फाइडवर घ्या. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या ठिकाणी एलिमेंटवर आयर्न सल्फाइडचा थर जमतो. हा थर वीज वाहून नेतो. फासाच्या दोन पायांमध्ये किंवा फ्लश एलिमेंटच्या पट्ट्यांमध्ये त्याने पूल बांधला की विजेला दुसरी वाट मिळते आणि रोध कमी दिसतो. प्रत्यक्षात धातू झिजत असतो, आणि पडद्यावर तो वाढत असतो. या परिस्थितीत आनंदी होऊन इन्हिबिटर कमी करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

सॉर सर्व्हिसला, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेल्या ठिकाणी, दंडगोलाकार एलिमेंट वापरा आणि कूपन जोडीला ठेवाच. शंका असेल तेव्हा प्रोब काढून थर स्वच्छ करा आणि पुन्हा रीडिंग घ्या. एकदम वर उडी मारली तर उत्तर मिळाले.

१५. आलेख महिनोन्‌महिने सपाट. याचा अर्थ गंज नाहीच?

तीन शक्यता आहेत. खरोखर गंज नाही. किंवा प्रोब चुकीच्या जागी आहे (प्रश्न ९). किंवा एलिमेंट मेण, कोक अथवा गाळाखाली पुरला गेला आहे. तिसरी शक्यता गरम जड तेलाच्या लाइनमध्ये वारंवार आढळते. कोणती शक्यता खरी ते पडताळायला बूटमधल्या (ॲक्युम्युलेटरच्या तळाशी पाणी साठणाऱ्या भागातल्या) पाण्यातले लोह, क्लोराइड आणि पीएच पाहा. क्रूड ओव्हरहेडमध्ये पीएच साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राखला जातो. तो ४ वर घसरला, पाण्यात लोह वाढले आणि तरी प्रोब सपाट असेल, तर खोटे प्रोब बोलतो आहे, पाणी नाही.

१६. खड्ड्यांचा गंज किंवा भेगा ईआरवर दिसतात का?

भेगा दिसत नाहीत. खड्डे दिसतात, पण उशिरा आणि विकृत स्वरूपात. ईआर संपूर्ण एलिमेंटची सरासरी घेतो, त्यामुळे एक खोल खड्डा सरासरीत हरवतो. तारेवर खड्डा खोल गेला की त्या जागी छेद फारच कमी होतो आणि शेवटच्या दिवसांत रीडिंग एकदम वर चढते, मग तार तुटते. अशा आलेखाचा शेवट वेगवान गंज म्हणून लिहू नका. तुटलेला एलिमेंट भिंगाखाली पाहा. क्लोराइडमधल्या स्टेनलेस स्टीलवर खड्डे आणि भेगाच पडतात, म्हणून त्यावर ईआरने नजर ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

१७. वाळूमुळे होणारी घासाई वेगळी ओळखता येते का?

साध्या कार्बन स्टील प्रोबवर नाही. तो गेलेला धातू मोजतो, का गेला ते नाही. त्यासाठी गंज न लागणाऱ्या मिश्रधातूचा एलिमेंट असलेला दुसरा प्रोब शेजारी बसवतात. तो झिजला तर घासाई, कार्बन स्टीलचा एकटाच झिजला तर गंज.

१८. एलिमेंटचा धातू पाइपशी जुळला पाहिजे का?

शक्य तितका. ५ टक्के क्रोमच्या पाइपमध्ये कार्बन स्टीलचा एलिमेंट बसवला तर तो पाइपपेक्षा फार जास्त गंजेल. गरम तेलातल्या नॅफ्थेनिक आम्लाच्या गंजासाठी, साधारण २२० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, ९ क्रोम किंवा ३१६ चा एलिमेंट पाइपनुसार निवडा. जुळलेला असला तरी पूर्ण सारखा नसतो. पातळ एलिमेंट ओढून, दाबून बनवतात, त्याची घडण पाइपपेक्षा वेगळी असते, आणि पाइपमध्ये वेल्ड असते, एलिमेंटमध्ये नसते. म्हणून दोघांचे आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका.

१९. पावसाळ्यात रीडिंग उड्या मारते. काय करावे?

उरण, तारापूर, रोहा अशा समुद्राजवळच्या किंवा भरपूर पावसाच्या पट्ट्यात हा प्रश्न दर जुलैला येतो. कनेक्टरमध्ये शिरलेल्या ओलीतून होणारी विजेची गळती मिलिओहमच्या मोजणीपुढे नगण्य असते. खरा त्रास पिनांवर चढणाऱ्या हिरव्या थराचा. त्याने जोडणीचा रोध क्षणोक्षणी बदलतो.

कनेक्टर हलवून पाहा. रीडिंग हलले तर दोष तिथेच. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करा, कोरड्या करा, ओ-रिंग बदला, केबल खालून वर नेऊन ट्रान्समीटरमध्ये घाला म्हणजे पाणी केबलवरून आत ओघळणार नाही. मग मीटरबरोबर येणारा चाचणी-प्रोब केबलच्या टोकाला लावा. त्यावर लिहिलेला आकडा आला तर मीटर आणि केबल ठीक, दोष प्रोबमध्ये. केबल बाजारातून आणून स्वतः जोडू नका, उत्पादकाचीच वापरा.

२०. 'चेक' रीडिंग कशासाठी असते?

उघड्या एलिमेंटला वगळून फक्त आतल्या संदर्भ भागांची ती चाचणी असते. ते गंजत नसल्याने चेकचा आकडा प्रोबच्या आयुष्यभर जवळपास तोच राहायला हवा. पहिल्या दिवशीच्या नोंदीपासून तो १० भागांहून जास्त सरकला, तर सील फुटून द्रव आत शिरला असण्याची शक्यता धरा आणि त्या प्रोबची झीज विचारात घेऊ नका. चेकची पहिली नोंद लिहूनच ठेवली नसेल, तर तुलना कशाशी करणार? बसवतानाच ती लिहा.

२१. मीटरवर एलिमेंटचा प्रकार चुकीचा निवडला गेला होता. जुने आकडे फुकट गेले का?

पल्लाच चुकला असेल तर नाही, प्रमाणात दुरुस्त होतात: ४ ऐवजी १० धरला असेल तर झीज अडीचपट जास्त लिहिली गेली आहे. पण तार आणि नळी यांची अदलाबदल झाली असेल तर सरळ गुणाकार चालत नाही, कारण रोध आणि झीज यांचे नाते दोघांत वेगळे आहे. कच्चे गुणोत्तर साठवलेले असेल तरच ते सावरता येते. प्रोबच्या मानेवरचा नंबर आणि एलिमेंटचा सांकेतिक क्रमांक यांचा फोटो नोंदवहीत ठेवला की ही वेळ येत नाही.

२२. गाडलेल्या पाइपलाइनवर कॅथोडिक संरक्षण (विजेच्या प्रवाहाने गंज रोखण्याची व्यवस्था) आहे. तिथे ईआर कसा वापरतात?

पृष्ठपट्टीचा प्रोब पाइपजवळच्या त्याच मातीत पुरतात आणि त्याचा एलिमेंट वायरने पाइपला जोडतात, म्हणजे त्यालाही तेच संरक्षण मिळते. संरक्षण पुरेसे असेल तर झीज वर्षाला ०.०१ मिमीच्या खाली राहते. जोडणीची वायर लावायला विसरले की एलिमेंट मोकळाच गंजतो आणि पाइप धोक्यात असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. मोजणीपूर्वी जोडणी तपासणे ही पहिली पायरी.

२३. धोकादायक क्षेत्रात कोणताही ट्रान्समीटर लावता येतो का?

नाही. झोन आणि वायुगटानुसार प्रमाणित, बहुधा आंतरिक सुरक्षित प्रकारचा लागतो, आणि भारतात त्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची) मान्यता लागते. परदेशी प्रमाणपत्र असले तरी ही मान्यता मागणीपत्रात वेगळी लिहा. हातात धरायच्या मीटरलाही हाच नियम लागू आहे. तो प्रमाणित नसेल तर हॉट वर्क परमिट लागेल.

२४. शटडाऊनमध्ये प्रोब आत ठेवावा का?

स्टीमिंग, आम्लाने सफाई किंवा हायड्रोटेस्ट असेल तर काढा. आम्लाची एक सफाई पातळ एलिमेंटचे आयुष्य संपवू शकते. प्रोब ठेवलाच असेल, तर लाइन उघडल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची तारीख आलेखावर उभ्या रेघांनी दाखवा. ओल्या हवेत झालेली झीज चालू काळाच्या वेगात मिसळू नका.

२५. प्रोब कधी बदलायचा, आणि काढलेला पुन्हा वापरता येतो का?

रीडिंग ७०० ला गेले की नवीन मागवा, ९०० च्या आत बदला. १००० नंतरचे आकडे कुठल्याही गणितात घेऊ नका.

५०० च्या खाली असलेला, चेक स्थिर असलेला प्रोब स्वच्छ करून त्याच जागी परत घालता येतो. दुसऱ्या लाइनवर नेऊ नका. जुन्या थराचे अवशेष नव्या जागेचे वर्तन बिघडवतात. काढताच, पुसण्याआधी, एलिमेंटचे फोटो घ्या आणि थराचा नमुना हवाबंद डबीत ठेवा. आयर्न सल्फाइड हवेत आला की बदलतो आणि कोरडा, भरपूर असेल तर पेटूही शकतो, म्हणून सॉर लाइनमधला प्रोब ओलाच ठेवून उघड्यावर हाताळा. शेवटचे रीडिंग, चेक, तारीख आणि प्रोबचा नंबर त्या डबीवरच लिहा.